आपल्या रिव्ह्यूला उत्तर: चार दिवस कशाला लागले

नमस्कार ताई,

आपण एक स्टार देऊन लिहिलंत, ‘चेकडिस्क मारायला दहा मिनिटं लागतात. यांनी कॉम्प्युटर चार दिवस ठेवला, ३५०० रुपये घेतले, वर फोटोंची नावंही गायब.’

आधी आमचं चुकलं ते सांगतो. ‘उद्या संध्याकाळी घेऊन जा’ असं काउंटरवरच्या मुलानं सांगितलं आणि पुढे दोन दिवस आमच्याकडून फोन गेला नाही. आपल्याला दोनदा हेलपाटा पडला. खर्चाचा अंदाजही तोंडीच दिला होता. याबद्दल मनापासून माफी मागतो. आता अंदाज जॉबशीटवर लिहूनच देतो.

पण चेकडिस्कचं, म्हणजे विंडोजमधल्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामचं, मात्र पटत नाही. मशीन आलं तेव्हा विंडोज निळा स्क्रीन देऊन बंद पडत होतं आणि डी ड्राइव्ह ‘रॉ’ दिसत होता, म्हणजे त्यावरची फाईलींची मांडणी विंडोजला ओळखताच येत नव्हती. डिस्कचं स्मार्ट रीडिंग (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) घेतलं, तर दोनशेच्या वर सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, पेंडिंग होते, म्हणजे तेवढी जागा डिस्कला वाचताच येत नव्हती. नुसती लाईट गेली किंवा विंडोज कोसळलं, तर एनटीएफएस (डिस्कवर फाईली मांडायची विंडोजची पद्धत) स्वतःच्या लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवरून, फाईलींच्या नोंदी बहुतेक वेळा सावरून घेते. सेक्टरच वाचता येत नसेल तर तो लॉगही कामाचा नाही. आणि चेकडिस्क डेटा शोधून देत नाही, ती हिशोब जुळवते. जी नोंद जुळत नाही ती काढून टाकते, तेही त्याच मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहून. म्हणून आमच्याकडे नियम एकच आहे: आधी पूर्ण डिस्कची कॉपी, मग दुरुस्ती, आणि तीही कॉपीवर.

चार दिवस गेले ते या कॉपीत. डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी करायचा प्रोग्राम आधी सोपा भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागांवर नंतर परत परत येतं. एक टीबीतला बहुतेक भाग पहिल्या संध्याकाळीच आला. राहिलेल्या थोडक्या भागाला दोन रात्री आणि एक अख्खा दिवस लागला. डिस्क तापली म्हणून दोनदा थांबवून टेबलफॅनखाली ठेवावी लागली. ३५०० रुपये या कामाचे आहेत.

नावांचं म्हणाल, तर घरी चेकडिस्क दोनदा चालली होती हे आपणच सांगितलं होतं. चेकडिस्कला सापडलेले सुटे तुकडे ती ‘फाउंड.०००’ या फोल्डरमध्ये टाकते, आणि ते फोल्डर डिस्क आली तेव्हाच त्यात होतं. यात आपला दोष नाही, विंडोज चालू होताना आपणहून चेकडिस्क सुरू करतं. त्या फोल्डरमधल्या फाईलींना मूळ नाव उरलं नव्हतं, नुसतं ‘सीएचके’. एकेक उघडून पाहावी लागली: सुरुवातीला ‘पीके’ ही अक्षरं दिसली तर बहुधा वर्ड किंवा एक्सेल. फोटो असेल तर कॅमेऱ्यानं फोटोच्या आतच लिहिलेली तारीख शोधून त्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये टाकला. फाईली कसल्या होत्या, हे इथे चारचौघांत लिहीत नाही.

ती कॉपी आम्ही एरवी पंधरा दिवसांनी पुसतो, आपली महिनाअखेरपर्यंत ठेवतो आहे. सवडीनं या, शेजारी बसून उरलेल्या फोटोंना नावं लावून देतो. त्याचे पैसे नाहीत. आणि पिशवीतून दिलेली जुनी डिस्क कृपया कुठेही जोडून पाहू नका. दोन फाईली अजून अर्धवट आहेत, त्यांच्यासाठी प्रयत्न करायचा झाला तर तीच लागेल.