दिवाणी, फौजदारी आणि कॅपिटल मार्केट्स

मुंबईच्या बड्या लॉ फर्मचा ऑनलाइन अर्ज. नाव, गाव, एलएलबीचे गुण इथवर सगळं सुरळीत चालतं. मग रकाना येतो, पसंतीची प्रॅक्टिस एरिया, म्हणजे वकिलीचं क्षेत्र, कोणती आणि का, 250 शब्दांत लिहा. निवडायला यादीही असते: एम अँड ए (कंपन्यांची विलीनीकरणं आणि खरेद्या), कॅपिटल मार्केट्स, कॉम्पिटिशन, इन्सॉल्व्हन्सी, रिअल इस्टेट, डिस्प्युट रिझोल्यूशन.

आमच्या परभणीत वकिलाला पसंती कुणी विचारत नाही. पक्षकार येतो, पिशवीतून चुरगळलेला सातबारा काढतो, की त्या दिवसापुरती तीच आपली आवड. सकाळी बांध, दुपारी चेक बाउन्स, संध्याकाळी पोटगी. ज्यांच्या हाताखाली मी काम करते त्या सरांना विचारलं, "सर, तुमची एरिया कोणती?" म्हणाले, "वसमत रोड."

मामांच्या हिशेबात कायदा दोनच जातींचा, दिवाणी आणि फौजदारी. "काय भरायलीस?" म्हणत स्क्रीनपाशी आले. कॅपिटल मार्केट्स म्हणजे कंपन्यांचे आयपीओ, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे नियम, गुंतवणूकदारांना आधी दाखवायचं माहितीपत्रक म्हणजे प्रॉस्पेक्टस, असं मी सांगू लागले. "मंजे मोंढ्यातलंच की! माल आधी चाळून दाखवायचा, मग पैसा घ्यायचा." इतकी सुटसुटीत व्याख्या मला लेक्चरमध्ये मिळाली नव्हती.

खरा घोळ 'का' या प्रश्नाचा. एम अँड एची आवड दाखवायची तर कुठून? आमच्या खानदानात विलीनीकरण कुणी पाहिलेलं नाही; पाहिल्या त्या वाटण्या, महसूल संहितेच्या कलम 85 खालच्या. मराठवाड्याच्या आठवणीतलं विलीनीकरण एकच, 17 सप्टेंबर 1948 चं, हैदराबाद संस्थानाचं, आणि त्याला लष्कर लागलं होतं.

रिअल इस्टेटवर मात्र हात चालला. जमिनीचा सर्च, म्हणजे जुन्या मालकीचा शोध, घ्यायचा तर दुय्यम निबंधकाकडच्या दस्तांच्या इंडेक्सवर भागत नाही. खासरा पत्रक, म्हणजे जमिनीचा जुना महसुली कागद, काढा, निजामाच्या काळातली उर्दू नोंद असेल तर ती वाचणारे चाचा शोधा, त्यांचा चष्मा सापडेपर्यंत चहा प्या. जमीन इनामी तर नव्हती ना, ते बघा. सगळं स्वच्छ दिसावं आणि तळातून 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याचं, कुळाला मालक ठरवणारं 38-ई प्रमाणपत्र निघावं! मग अशी जमीन विकायला लागणारी कलम 50-ब ची परवानगी घेतली होती का, या एका प्रश्नावर घेणारा, विकणारा आणि मी, तिघं गप्प. मुंबईत याला ड्यू डिलिजन्स म्हणतात आणि तासावर बिल लावतात. आमच्याकडे "जरा कागद बघून सांगा ताई" म्हणतात.

डिस्प्युट रिझोल्यूशनबद्दल लिहिताना पहिल्या शब्दावर माझी हुकूमत आहे, दुसऱ्याची खात्री देता येत नाही. 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदार अडवलेली वाट मोकळी करून देतात. ते जीपमध्ये बसले, की बाभळीचे काटे परत जागेवर.

शेवटी मजकूर सरांना दाखवला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, स्क्रीन बघून परत लावलं.

"प्रार्थना कुठंय यात? विनंतीशिवाय अर्ज असतो का?"

म्हणून शेवटी घातलं, 'सबब, विनंती मान्य व्हावी व न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल तो इतर हुकूम व्हावा.' शब्द 250 च्या वर गेले, रकाना लाल झाला. मग कॅपिटल मार्केट्सवरची दोन वाक्यं उडवली.