माजी महिला बास्केटबॉलपटूचा परिचय कसा उरकावा

२९ ऑगस्ट आला की आपल्याला खेळाडूंचा उमाळा येतो. अशाच एका संस्थेच्या क्रीडा दिनाला भारताकडून बास्केटबॉल खेळलेल्या गीतू ॲना जोसवर दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी तिच्या केरळमधल्या चंगनाश्शेरीच्या दिवसांपर्यंत पोचतोय तोच चिठ्ठी आली, 'आवरा, साहेब आलेत.' आवरलं. साहेब मग मनसोक्त बोलले. क्रिकेटवर. तेव्हा पुढच्या वर्षी असला परिचय तुमच्या गळ्यात पडलाच, तर या काही सूचना उपयोगी पडतील.

सुरुवात उंचीपासून करा. 'सहा फुटांहून उंच!' असं म्हणा आणि टाळ्यांसाठी थांबा. लगेच 'घरचे स्थळं कशी शोधणार हो?' हा विनोदही उरकून घ्या. उंची आईबापांकडून मिळते. पाठीवर धडधाकट सेंटर (रिंगपाशी खेळणारी उंच प्रतिस्पर्धी) झेलत पिव्होट करणं (एका पायावर गरकन वळणं) आणि बॉक्सआउट करून (समोरचीला पाठीने अडवून) रिबाउंड (रिंगवरून उडालेला चेंडू) काढणं मिळत नाही, वगैरे तपशिलात शिरू नका. लोक जांभया देतात.

शाल आधी, नाव नंतर. जमलं तर.

तुलना करायचीच तर 'बास्केटबॉलमधली सचिन' म्हणा. सगळ्यांना कळतं.

ती दक्षिण रेल्वेत नोकरीला लागली हे 'चला, पोरगी मार्गी लागली' अशा सुरात वाचा. आपल्या देशात मुलीचं बास्केटबॉल बहुतेक वेळा रेल्वेच्या स्पोर्ट्‌स कोट्यावरच तगतं, राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा संघ इतरांना घाम का फोडतो तेही याच्यातच आहे, पण हे सांगायला गेलात तर जेवण गार होईल.

२०११ हे साल मात्र चुकूनही काढू नका. त्या वर्षी अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं होतं: शिकागो स्काय, लॉस एंजेलिस स्पार्क्स आणि सॅन अँटोनियो सिल्व्हर स्टार्स. त्याआधी २००६ पासून ती ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळून आली होती. हे सांगितलंत की पहिल्या रांगेतला कुणीतरी विचारणारच, 'पण निवड झाली नाही ना?' नाही झाली! त्या लीगमध्ये तेव्हा बारा संघ होते आणि संघात जागा अकरा. सगळ्या जगातून दीडशे मुलीसुद्धा मावत नव्हत्या तिथे. त्या दारापर्यंत ती पोचली ती कुठून? जिथे बायकांसाठी एक धड व्यावसायिक लीग नव्हती अशा देशातून. विचारणाऱ्याने स्वतः आयुष्यात कसली चाचणी दिली असेल? ड्रायव्हिंगची, तीही एजंटामार्फत. चार वर्षांनी, २०१५ मध्ये, सतनाम सिंगला एनबीए या अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सने ड्राफ्टमध्ये (नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत) ५२व्या क्रमांकावर घेतलं तेव्हा ज्यांनी कधी ड्रिबल केला नाही त्यांनाही एनबीए पाठ झालं. पुढे तो एनबीएचा एकही सामना खेळला नाही, तरी त्याला कुणी 'पण' विचारला नाही, आणि विचारूही नये. पोराने कष्टच केले होते. मग हा 'पण' पोरींसाठीच राखून ठेवलाय का?

असो. शांतपणे पुढे.

२०१४चा अर्जुन पुरस्कार शेवटी सांगा. दिल्लीने दखल घेतली की आपण सुटलो.

लग्न झालं, मूल झालं, की खेळाडूला आपोआप 'माजी' म्हणायचं, हाही नियम पाळा. चेन्नईची अनिता पॉलदुराई आई झाल्यावर पुन्हा भारताकडून खेळली, २०१७ मध्ये बंगळूरुला महिला आशिया चषकाच्या 'ब' गटात (खालच्या श्रेणीत) सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होती, २०२१ला पद्मश्री झाली. असली उदाहरणं टाळा, सासरकडच्यांची पंचाईत होते.

शेवटची सूचना मांडवाची. तो बास्केटबॉल कोर्टवरच घाला, आयती सपाट जागा असते. रिंगला स्पीकर बांधा.

नाही, हे मला हसत लिहिता येत नाही. अहो, त्या कोर्टवर रोज संध्याकाळी पोरी सराव करतात. तुमच्या माणसांनी पहारीने भोकं पाडली त्यात. भर वेगात वळताना त्यात पाय अडकला तर गुडघा जातो, आणि गुडघ्याबरोबर स्पोर्ट्‌स कोटाही जातो, कळतंय का? मांडव आठवडाभर उतरवला नाहीत. पोरी बाहेर बॅगा घेऊन उभ्या, आणि आत तुम्ही महिला खेळाडूंच्या सन्मानाची भाषणं ठोकताय! लाज कशी वाटत नाही? ती भोकं आधी बुजवा. रिंगला जाळी लावा. मुलींना पुरुषांचा सात नंबरचा चेंडू देणं बंद करा, त्यांचा सहा नंबरचा असतो, २००४ पासून. पैसे नाहीत म्हणू नका. शाली, ट्रॉफ्या आणि साहेबांच्या फ्लेक्सवर उधळलंत त्यात वर्षभराचे चेंडू आले असते.