बटाट्यात मीठ-ग्लायफोसेट मारायचा मेसेज आलाय? पंप खाली ठेवा आधी

या आठवड्यात तोच मेसेज मला तीन ग्रुपवरनं आला. बटाटा उगवला की पंपाला ग्लायफोसेट हे तणनाशक, मूठभर युरिया आणि अर्धा किलो मीठ घालून मारा, बटाटा जमिनीत असतो म्हणून त्याला काय होत नाही, ऊसवाले मारतातच की, आणि मग भांगलण (खुरपणी) नको, भर (झाडाच्या बुडाला माती लावणं) नको.

बटाटा जमिनीत असतो म्हणे. अहो, ग्लायफोसेट पानातनं आत शिरतं आणि झाड जिथं अन्न साठवतंय तिकडं उतरतं, लव्हाळा या तणाच्या जमिनीतल्या गाठीपर्यंत जातं म्हणूनच तर आपण ते बांधावर मारतो, मग बटाट्याचं झाड अन्न कुठं साठवतंय? पाल्यावर पडलं की बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात, आणि त्यातलंच बेणं ठेवलं तर पुढच्या लागणीला डोळे धड फुटत नाहीत. ग्लायफोसेटच्या लेबलवर तर कुठं मारायचं तर चहाचे मळे आणि पीक नसलेली जागा, एवढंच आहे.

मिठावर जास्त बोलत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळला जाऊन क्षारपड रानं बघून या, तिथली माणसं मीठ काढायला पाइपा गाडायला लागल्यात आणि आपण विकत आणून घालायचं?

ऊसवाल्यांचं म्हणाल तर ते उभ्या उसात मारतात ते बहुतेक टू-फोर-डी, रुंद पानाचं तण मारणारं औषध. ऊस गवताच्या जातीचा, त्याला ते सोसतं, बटाटा रुंद पानाचा, त्याला नाही. हे मी स्वतः भोगलंय, उसात वापरलेला पंप नुसता एकदा पाण्यानं खंगाळला आणि त्यातनंच बटाट्यावर बुरशीनाशक मारलं, आठ दिवसांत दोन सऱ्यांचे शेंडे दोरीसारखे पिळले. बायको म्हणाली, चकल्या पाडल्यात काय!

भर नको हे तर सगळ्यात येडेपणाचं. पंचवीस-तीस दिवसांनी भर लावताना सरीतलं बारीक तण मातीखाली जातं तो फायदा आहेच, पण मुख्य म्हणजे बटाटा उघडा पडला की उन्हानं हिरवा होतो, पाकोळी (बटाटा पोखरणाऱ्या अळीचा पतंग) त्यावर अंडी घालते, आणि असला माल मार्केट यार्डात कोण घेतंय?

भांगलणीला बाया मिळत नाहीत हे मात्र खरंय, मेसेज पसरतोय तो त्यामुळंच. त्याला मेट्रिब्युझिन ७० टक्के हे तणनाशक आहे, एकरी ३०० ग्रॅम, लागणीनंतर तीन-चार दिवसांत, उगवायच्या आधी, रानात ओल असताना. उसात बटाटा आंतरपीक असला तरी दोन्हीला चालतं. माठ, घोळ, चाकवत थांबतं, मग भरीआधी एक हलकी भांगलण पुरते. लव्हाळ्याला त्यानं काही होत नाही, त्याच्या गाठी उन्हाळ्यात खोल नांगरट करून वेचायच्या, आमच्यात अजून पोरांना पाटी देऊन बसवतात.