एव्हरेज किती, म्हणे!

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी जाहिरात टाकली. रोल्स-रॉइस कॉर्निश, हूड खाली पाडता येणारी, परदेशात विक्रीला. पांढरी गाडी, आत लालभडक कातडं. चहा निवला तरी मी बघत बसलेलो. आणि खाली पहिली कॉमेंट काय? "एव्हरेज किती देते?" दुसरी, "एवढ्या पैशात चार फॉर्च्युनर येतील, भंगार आहे."

भंगार?

१९७१ ला आली ही गाडी, १९९५ पर्यंत बनली. बॉडी बरीच वर्षं लंडनला, मुलिनर पार्क वॉर्ड या रोल्स-रॉइसच्याच बॉडी बनवणाऱ्या शाखेतल्या कारागिरांच्या हातची. पुढच्या अक्रोडाच्या फळीवर डावीकडची रेघ उजवीकडे आरशातल्यासारखी उमटते, तशी जोडी बघून लाकूड लावलेलं.

माझा मामा धुळ्यात पारोळा रोडला जीपची हुडं शिवायचा. एकदा लग्नाची जीप होती, मालक संध्याकाळी न्यायला आला. मामानं मागच्या खिडकीच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "शिलाई वाकडी से. आज नही, सकाय ये." मालक शिव्या देतोय, मामी आतून ओरडतेय की पैसे घ्या आधी, आणि मामानं दाभण घालून टाके उसवायला सुरुवातच केली! मला तर ते वाकडं दिसलंही नव्हतं.

बरं, मान्य. पावणेसात लिटरचं इंजिन पेट्रोल ढोसणारच. आणि मे महिन्यात जळगावात हूड उघडून फिरणारा माणूस थेट दवाखान्यातच उतरेल. घेणाराही कोणी शेठच असणार, आपल्याला काय त्याचं.

पण त्या फोटोतलं हूड मी मोठं करून पाहिलं. काठाची शिलाई टोकापर्यंत सरळ. मामानं तिथंही अंगठा फिरवला असता आणि काही न बोलता मान हलवली असती. त्याच्या अंगठ्याला मेणाच्या दोऱ्यानं पडलेली चीर होती, ती कधी भरलीच नाही. त्याला लोक काय म्हणायचे? "दोराच तर आहे, दोनशे कमी करा." आणि तो करायचा, बावळट. टाका मात्र कधी कमी घातला नाही.

आता परत राग येतोय.

भाऊ, ती भंगारवाली कॉमेंट डिलीट कर. आणि हो, तुझ्या बुलेटचं सीट ज्यानं शिवून दिलं, त्याचे राहिलेले पैसे दे आधी. परवाच भेटला होता मला.