पर्स चालते, पिशवी चालत नाही

आज दुपारी पुतणीच्या बाळासाठी दोन झबली घ्यावीत म्हणून मी एका मॉलमधल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानात गेले होते. माझ्या पुढे एक बाई होत्या. त्यांच्या खांद्यावर इतकी मोठी चामड्याची बॅग होती की त्यात झबलीच काय, झबल्यातले बाळही मावले असते. दारावरच्या रखवालदाराने त्यांना हसून आत सोडले. माझ्याकडे पाहिल्यावर मात्र त्याने हात आडवा केला आणि म्हणाला, "मावशी, पिशवी बाहेर ठेवावी लागेल." मी विचारले, "त्यांची का नाही ठेवून घेतली?" तो शांतपणे म्हणाला, "त्यांची पर्स आहे. पर्स चालते, पिशवी चालत नाही."

मी पैशांचे पाकीट आणि मोबाइल हातात घेतला, पिशवी त्याच्याकडे दिली, सतरा नंबरचा बिल्ला घेतला आणि आत गेले. खरी मौज पुढेच झाली. बिल करताना काउंटरवरच्या मुलीने विचारले, "मॅम, कॅरी बॅग हवी आहे का? बारा रुपये होतील." मी म्हटले, "बाळ, माझी पिशवी आहे, पण ती तुमच्याच दुकानाने दारात ठेवून घेतली आहे." त्यावर ती म्हणाली, "ते सिक्युरिटीचे आहे, आमच्याकडे येत नाही." म्हणजे दारात माझी पिशवी काढून घ्यायची आणि आत मला दुसरी विकायची, तीही स्वतःचे नाव ठळक अक्षरांत छापलेली, म्हणजे त्यांची जाहिरात बारा रुपये मोजून मीच स्टेशनपर्यंत मिरवत न्यायची! ग्राहकाला आधी काही न सांगता ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे मागणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्येच म्हटले आहे. परंतु मागे सहा माणसांची रांग असताना आयोग कोणाच्या मदतीला येतो? मी मुकाट्याने बारा रुपये दिले. मुकाट्याने दिले, याचाच राग आता घरी येऊन लिहिताना अधिक येतो आहे.

माझी ही पिशवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती आठवत असेल. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते की ती एका पँटची आहे. जाड खाकी कापडाची पुरुषी पँट गुडघ्यावर कापून, मधली शिवण उसवून, खाली दुहेरी टीप मारून ती शिवलेली आहे आणि पायांच्या उरलेल्या कापडाचा रुंद बंद तिला लावलेला आहे. कमरेची पट्टी म्हणजे तिचे तोंड. मागचा खिसा बाहेरच्या बाजूला जसाच्या तसा राहिला आहे. पट्टा ओवायच्या लुप्यादेखील शाबूत आहेत. आतून जुन्या लुगड्याचे अस्तर आहे, त्याचा मूळचा हिरवा रंग आता नुसत्या शिवणींच्या घडीत उरला आहे.

ती मी शिवली नाही आणि विकतही घेतली नाही. जून २००३ मधल्या एका संध्याकाळी दादरच्या पुलावर ती मला मिळाली. तेव्हा माझ्याकडे एक नवी, दिसायला सुरेख, रेग्झिनची पर्स होती. नोकरी करणाऱ्या बाईकडे पर्स असली पाहिजे, अशी त्या वेळी माझीही पक्की समजूत होती. सव्वासहाच्या सुमाराला, पुलावर मुंगी शिरायलाही जागा नसताना, त्या पर्सची कडी निघाली आणि माझा सगळा संसार पायऱ्यांवर पसरला. डबा घरंगळत चार पायऱ्या खाली गेला. मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म कोणाच्या तरी ओल्या चपलेखाली गेला. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली, बायकांनाच ठाऊक असलेली ती पुडीही सगळ्यांच्या देखत उघडी पडली. लोक बाजूने जात होते. मी खाली वाकलेली, डोळ्यांत पाणी, आणि कोणत्या वस्तूवर आधी हात ठेवावा हेच सुचत नव्हते.

कठड्याशी एक फुलवाली बसली होती. तिने आपल्या पिशवीतली शेवंती भराभर पदरात ओतली, उठून आली आणि एक अक्षर न बोलता माझ्या वस्तू त्या पिशवीत भरू लागली. पुडी तिने सर्वांत आधी उचलली. सगळे भरून झाल्यावर बंद माझ्या खांद्यावर चढवून म्हणाली, "घे बाई. आमच्या मालकांच्या पँटीची हाय. माणूस गेला, कापड हाय तसं हाय."

दुसऱ्या दिवशी मी पिशवी धुऊन, वाळवून परत द्यायला गेले, तर तिने घेतली नाही. "तुझा संसार मावला न्हवं त्यात? मग ऱ्हाऊ दे." एवढेच बोलून ती गिऱ्हाइकाकडे वळली. पुढे कितीतरी महिने मी तिच्याकडूनच गजरा घेत असे आणि ती पैसे मोजून घेत असे. त्याबाबतीत तिचा व्यवहार चोख होता.

रोजची पिशवी कशी असावी, यावर हल्ली मुले तासन् तास व्हिडिओ पाहतात. वॉटरप्रूफ आहे का, लॅपटॉपला वेगळा कप्पा आहे का, चार्जिंगची वायर बाहेर काढायला भोक आहे का! माझ्या मुलीने मागच्या वाढदिवसाला मला चामड्याची एक बॅग दिली. ती फार देखणी आहे आणि दिली त्यात प्रेमही आहे, हे आधीच सांगून टाकते, कारण ती ही पोस्ट वाचणार आहे. तिला अकरा कप्पे आहेत. डोंबिवलीच्या घराच्या दारात उभी राहून मी त्या अकरा कप्प्यांत किल्ली शोधत होते तेव्हा शेजारच्या काकूंनी मला आत बोलावून चहा पाजला आणि चहा संपल्यावर किल्ली सापडली. पँटच्या पिशवीत असला घोळ होत नाही. एक पोट आहे आणि एक खिसा आहे. पास आणि किल्ली खिशात, बाकीचे जग पोटात. छत्रीचा दांडा लुपीत अडकवला की ओली छत्री आतल्या डब्याला आणि कागदांना शिवत नाही. त्या लुप्या छत्रीसाठी कोणी योजलेल्या नव्हत्या, आणि तरीही छत्रीची इतकी चांगली सोय मी दुसऱ्या कोणत्याही बॅगेत पाहिलेली नाही.

आपल्या भाषेतच पाहा ना, सामान वाहण्याच्या वस्तूंना किती नेमके शब्द होते. खांद्यावरून पुढे-मागे दोन्ही बाजूंना भार टाकणारी ती पडशी. पान, सुपारी, चुना, कात यांच्या घरांची, गुंडाळून दोरीने बांधायची ती चंची. नाडी ओढली की तोंड मिटणारा तो बटवा. कमरेला बांधायचा तो कसा. भिक्षेची ती झोळी. खादीच्या झब्ब्यावर आडवी लटकणारी, आत पत्रके आणि अर्धी वाचलेली पुस्तके असणारी ती शबनम, जिच्यावरून समोरून येणारा कार्यकर्ता आहे, कवी आहे की पत्रकार आहे, एवढाच काय तो अंदाज बांधायचा बाकी राहत असे. प्रत्येक वस्तू कोणत्या तरी कामासाठी आणि शरीराच्या कोणत्या तरी जागेसाठी घडली होती. आता दुकानाच्या दारात दोनच जाती उरल्या आहेत, एक पर्स आणि एक पिशवी, आणि त्या कामावरून ठरत नाहीत, तर पाहणाऱ्याला तुमच्या खिशात किती पैसे असावेत असे वाटते त्यावरून ठरतात. त्या फुलवालीला त्या दुकानात शिरू दिले असते का, हा प्रश्न मला दुपारपासून छळतो आहे. आणि तिची पिशवी बाहेर ठेवून घेतली, म्हणजे एका अर्थाने आज तिलाच बाहेर ठेवले, असे मला वाटत राहिले आहे. हे अतिशयोक्त वाटत असेल तर वाटू दे.

कापडी पिशवीचे कौतुक करणारे आपण सगळे एका माळेचे मणी आहोत, तेव्हा प्लॅस्टिकवर मी व्याख्यान देत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि पाणी ओसरल्यावर गटारांच्या तोंडातून काय काय निघाले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. त्या रात्री मी कुर्ल्याहून रुळांवरून चालत निघाले तेव्हा हीच पिशवी डोक्यावर धरली होती. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड ठरला, तेव्हा आमच्या कार्यालयात ज्या ज्या मैत्रिणी माझ्या पँटच्या पिशवीला हसत होत्या त्यांनी आठवडाभरात मला शिंप्याचा पत्ता विचारला. पुढे बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या, रंगीबेरंगी, पातळ पिशव्या आल्या आणि सगळे निर्धास्त झाले. बायांनो, ते कापड नाही! तेही प्लॅस्टिकच आहे, त्याला पॉलिप्रॉपिलीन म्हणतात, उन्हात राहिले की हळूहळू त्याचा भुगा होतो. एकदा नखाने ओढून पाहा, त्यात ताणा-बाणा सापडत नाही.

आता माझे जावईबापू लिहिण्याआधी मीच लिहिते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता की सगळ्या प्रकारचे परिणाम धरले, तर सुती पिशवी ७,१०० वेळा वापरली तेव्हा कुठे ती प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीची बरोबरी करते. ठीक आहे, नवा कापूस पिकवायला पाणी लागते, हे मला मान्य आहे, आणि घरोघरी कार्यक्रमांत मिळालेल्या कोऱ्या कापडी पिशव्यांचे जे ढीग साचले आहेत ते पर्यावरणाच्या नावावर खपवू नयेत, हेही मान्य आहे. पण मी हिशेब केला. वर्षाचे २८० दिवस धरले तर बावीस वर्षांत ही पिशवी ६,१६० वेळा घराबाहेर पडली आहे. डेन्मार्कचे ९४० दिवस माझ्याकडे बाकी आहेत, ते मी फेडीन. शिवाय माझी पिशवी ज्या पँटची आहे ती एका माणसाने झिजेपर्यंत आधीच घातलेली होती. त्याचे दिवस कोणत्या खात्यात धरायचे, ते डेन्मार्कने सांगावे.

एका खांद्यावर ओझे वाहून माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरला आहे आणि दोन पट्ट्यांची सॅक पाठीला बरी, असे डॉक्टर म्हणतात. ते खरेच असेल. पण गर्दीच्या वेळी डोंबिवली फास्टमध्ये पाठीवरची सॅक पोटावर घेऊन उभी असलेली माणसे पाहिली की मला ती स्वतःचेच सामान कडेवर घेऊन निघालेली दिसतात. माझी पिशवी काखेत दाबली की नाहीशी होते. चेन नाही म्हणून चोरीची भीती आहे, हेही कबूल. बावीस वर्षांत एकदा पाकीट गेले. कडी निघून, रनर तुटून, अस्तराला भोक पडून त्याआधीच्या पर्समधून जे गेले त्याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ती दुरुस्त होते. चामड्याच्या त्या बॅगेची कडी सैल झाली तेव्हा दुकानदाराने सांगितले की हा भाग मिळत नाही, नवीनच घ्या. पँटच्या पिशवीचा बंद आतापर्यंत तीनदा बदलला, तळाला एकदा ठिगळ लावले, आणि प्रत्येक वेळी आमच्या गल्लीतल्या शिंप्याने पाच मिनिटांत टीप मारून दिली. एकदा तर त्याने पैसेच घेतले नाहीत. पिशवी उलटी करून अस्तरावरून बोट फिरवत तो म्हणाला, "ज्या हाताने हे शिवले आहे, त्याने मशीनवर नाही, हाताने धावदोरा घातला आहे." मी बावीस वर्षांत हे पाहिले नव्हते. म्हणजे फुलांच्या राशीशेजारी बसून, गजऱ्याच्याच सुईने की काय, तिने ते लुगडे आत शिवले असेल.

इथपर्यंत लिहिताना राग बराच उतरला आहे, म्हणून राहिलेली गोष्टही सांगून टाकते. बिल्ला देऊन पिशवी परत घ्यायला गेले तेव्हा त्या रखवालदाराने ती इतर सामानाबरोबर खाली टाकलेली नव्हती, खुर्चीच्या पाठीला नीट अडकवली होती. पोरगा पंचविशीचा असेल. देताना त्याने खिशावर बोट ठेवून विचारले, "मावशी, ही पँटची आहे ना?" मी घुश्शातच "हो" म्हटले. तो म्हणाला, "माझी आईपण शिवते," आणि त्याने खुर्चीखाली बोट दाखवले. तिथे निळ्या कापडाच्या, तशाच लुप्या असलेल्या पिशवीत त्याचा डबा होता. मग मी त्याला विचारले की तुझी पिशवी आत चालते का. तो म्हणाला, "आम्हाला मागच्या दारातून जावे लागते." मला काही बोलता आले नाही. मी त्या दुकानाची बारा रुपयांची कागदी पिशवी घडी घालून माझ्या पिशवीच्या तळाला ठेवली आणि त्यावर झबली ठेवली.

बंद पुन्हा विरला आहे, चौथ्यांदा. रविवारी शिंप्याकडे जाणार आहे. कापड म्हणून आमच्या ह्यांची एक जुनी खाकी पँट काढून ठेवली आहे. ती अजून चांगली आहे, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यावर सकाळपासून आमच्याकडे चर्चा सुरू आहे.