“चार दिवस जुनंच शिकवलं” म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर, वरूडवरून

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण म्हटलं रागात काही लिहू नये, म्हणून आज सकाळी क्लास उघडायच्या आधी लिहून राहिलो.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, भाऊंनी मे महिन्यात आमची दहा दिवसांची जावा (प्रोग्रामिंगची भाषा) अपग्रेडची बॅच केली, जावा ८ वरचं काम १७ वर न्यायचं, नवीन इक्लिप्स (कोड लिहायचं सॉफ्टवेअर), टॉमकॅट १० (वेब प्रोग्राम चालवणारा सर्व्हर), स्प्रिंग बूट ३ (जावाचं तयार फ्रेमवर्क). एक स्टार दिला अन् लिहिलं का पहिले चार दिवस जुनंच शिकवलं, कॉम्प्युटर हँग होत होते, सर सगळं मराठीत सांगतात, सहा हजार वाया गेले.

पहिले मशीनचं सांगतो कारण तिथं चूक पूर्ण आमची आहे. तुम्ही अॅडमिशनच्या वेळी फोनवर विचारलं होतं का रॅम किती आहे, मी सोळा सांगितली. बारापैकी सहा मशीन सोळाच्या होत्या, बाकी सहा आठच्याच, नवीन रॅम यायची होती ती आली नाही अन् मी तसं कोणाला कळवलं नाही. आठ जीबीवर इक्लिप्स, टॉमकॅट, मायएसक्यूएल (डेटाबेस) अन् वरून क्रोम, ते हँग होणारच होतं. तुमच्या वाट्याला त्याच सहातली कोपऱ्यातली मशीन आली. अन् पहिल्या दिवशी बाराही मशीन एकाच इंटरनेट लाईनवर मेव्हनच्या (प्रोजेक्ट बिल्ड करणारं टूल) जार, म्हणजे तयार कोडच्या फाईली, डाउनलोड करत बसल्या, दुपारपर्यंत कोणाचा प्रोजेक्ट बिल्ड झाला नाही. हे मला आधी करून ठेवता आलं असतं, एका मशीनवर सगळ्या डिपेंडन्सी (त्याच जार) ओढून, मेव्हन त्या ठेवते ते डॉट एम-टू फोल्डर बाकीच्यांवर कॉपी केलं का मेव्हन ऑफलाईन चालते. आता तसंच केलं आहे अन् सगळ्या मशीन सोळाच्या झाल्या, पण तुमच्या बॅचला ते भेटलं नाही, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता जुनं शिकवल्याचं. हे मात्र मला पटलं नाही भाऊ, आणि नाही पटलं तर तसंच सांगतो.

नवीन इक्लिप्स उघडून नवा प्रोजेक्ट बनवणं एका दुपारचं काम आहे, मेनू जवळपास तिथंच आहेत. पण तुम्हाला पगार नव्या प्रोजेक्टचा नाही भेटत, कोणीतरी आठ-दहा वर्षांआधी लिहून गेलेल्या कोडचा भेटते. नव्या जावावर नेला का तो कोड बिघडणार आहे हे नक्की, मग तो धड चालताना आधी पाहायला पाहिजे का नाही? नाहीतर काय बिघडलं हे कळणार कसं.

तिसरा दिवस आठवा. दुपारी लाईन गेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर मशीन चालू, सगळे घामाघूम. मी म्हटलं टॉमकॅट ९ वर चालून राहिलेल्या हजेरीच्या प्रोजेक्टची वॉर फाईल (अख्ख्या प्रोजेक्टचं पॅकेट) जशीच्या तशी उचला अन् टॉमकॅट १० च्या वेबअॅप्समध्ये टाका. टाकली. कन्सोलमध्ये (सर्व्हरचे मेसेज येतात ती खिडकी) एक एरर नाही, सर्व्हर स्टार्ट झाल्याची ओळ आली, अन् ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. तुम्ही यूआरएलचं स्पेलिंग तीनदा तपासलं, मग पोर्ट तपासला, मग माझ्याकडे पाहिलं. टॉमकॅट १० सर्व्हलेटवर (ब्राउझरची मागणी घेणारा जावा क्लास) नव्या जकार्ता नावाचं अॅनोटेशन (कोडवरची खूण) शोधते, आपल्यावर होतं जुन्या जावाएक्स नावाचं, म्हणून त्याला आपला सर्व्हलेट दिसलाच नाही अन् त्यानं काही तक्रारही केली नाही. एरर आली असती तर बरं, एरर गुगलवर टाकता येते. कोऱ्या कन्सोलसमोर माणूस दोन दिवस घालवते. ती अर्ध्या तासाची तडफड मी मुद्दाम होऊ दिली, कारण हेच कंपनीत रात्री अकराला झालं तर तुम्हाला आठवलं पाहिजे.

मग चौथ्या दिवशी बॅचमधल्या एकानं कंट्रोल एच (शोधून बदलायचं बटण) दाबून अख्ख्या प्रोजेक्टमध्ये जावाएक्सचं जकार्ता करून टाकलं, अन् इक्लिप्समध्ये खालची प्रॉब्लेम्सची पट्टी लालच लाल. का? जावाएक्स डॉट एसक्यूएल, नेमिंग, क्रिप्टो हे जेडीकेच्या (जावाचं मूळ किट) पोटातलं आहे, त्याला हात लावायचाच नाही. सर्व्हलेट, पर्सिस्टन्स (डेटाबेसमध्ये साठवणं), मेल हे जकार्ता झालं. ट्रान्झॅक्शन जकार्ता झालं पण त्याच्याच आतलं एक्सए (एकाहून जास्त डेटाबेसचे व्यवहार) जेडीकेमध्येच राहिलं! हे असं का झालं तेही सांगितलं होतं, २०१७ मध्ये ओरॅकलनं (जावाची मालक कंपनी) जावा ईई, म्हणजे जावाचा कंपन्यांसाठीचा भाग, इक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं पण जावाएक्स हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरायचं बोलणं जमलं नाही, म्हणून डिसेंबर २०२० च्या जकार्ता ईई (जावा ईईचं नवं नाव) ९ मध्ये कोडमधलं जावाएक्स हे नावच बदललं. स्प्रिंग बूट ३ नोव्हेंबर २०२२ ला आलं तेच जावा १७ अन् जकार्ता धरून. तुमच्या कंपनीला जे पाहिजे होतं ते हेच आहे.

अन् ते ४४ वजा करायचं तुमच्या वहीत असलंच. अनसपोर्टेड क्लास व्हर्जनची एरर (नव्या जावाचा कोड जुन्या जावावर चालवला का येते ती) आली अन् त्यात ६१ दिसलं तर ४४ वजा करा, जावा १७. ५२ दिसलं तर जावा ८. मग शोधायचं का इक्लिप्स स्वतः कोणत्या जावावर चालून राहिलं, प्रोजेक्ट कोणत्यावर कंपाईल होते अन् सर्व्हर कोणत्यावर उठते, या तीन जागा वेगळ्या आहेत अन् जुन्या मशीनवर तिन्हीकडे तीन वेगळे जावा निघतात. हे नुसतं नवीन शिकवून नसतं समजलं.

एक मात्र मान्य करतो, चार दिवस जुन्यावर काहून हे मी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. रोज उन्हात बावीस किलोमीटर गाडी चालवून येणाऱ्या माणसाला ते समजायचा हक्क आहे.

मराठीचं. हो, मी मराठीतच शिकवतो अन् पुढंही शिकवीन. माझ्याकडे येणारे बरेच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेतले, त्यांना इंग्रजी वाचता येते पण एरर दिसली का डोळे मिटतात, घाबरतात. म्हणून मी एरर मोठ्यानं वाचायला लावतो, इंग्रजीतच, शेवटच्या कॉज्ड बाय (कारण सांगणारी ओळ) पासून वर, अन् मग विचारतो आता तुमच्या बोलीत सांग काय झालं. ज्याला सांगता आलं त्याला समजलं. पहिल्या दिवशी तुम्ही हळू वाचत होते, दहाव्या दिवशी तुम्ही बाजूच्या पोराला वाचून दाखवत होते, मी पाहत होतो. इंटरव्ह्यूचं इंग्रजी हा वेगळा विषय आहे, तो आमच्या बॅचमध्ये नाही अन् आहे असं मी कधी सांगितलंही नाही.

पैशाचं असं आहे, मशीन अन् डाउनलोडमध्ये तुमचे दोन दिवस गेले, दोन दिवसाचे बाराशे रुपये आज तुमच्या नंबरवर टाकून राहिलो. त्या सहा मशीनवर बसलेल्या बाकी पाच जणांनाही तेवढेच. स्टार बदला असं म्हणणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

अन् येत्या दोन रविवारी सकाळी नऊ ते एक मी क्लासमध्येच आहे, तुमचं जिथं अडलं आहे तिथून बसू, फी नाही. कंपनीचा कोड आणू नका, नुसती पॉम फाईल (मेव्हनची, प्रोजेक्टला काय लागते ते लिहिलेली) अन् एररचा फोटो आणा, तेवढ्यावर काम होते. समोरचं शटर बंद दिसलं तर मागच्या दारानं या.