‘झाड तर तिथंच होतं, मग शोध कसला?’

सह्याद्रीत नवी वनस्पती सापडल्याची बातमी आली की हा सवाल मोबाइलवर फिरू लागतोच. त्याचा गोषवारा असा: झाड हजारो वर्षं तिथंच आहे, गावकऱ्यांना ते माहीत आहे. शास्त्रज्ञ येतात, फोटो काढतात, स्वतःचं नाव चिकटवतात. त्या नावानं झाडाचं भलं काय होतं?

झाड होतंच, ते कुणी निर्माण केल्याचा दावा कुणीच करत नाही. गावकऱ्यांना ते माहीत असतं हेही खरं. खरपुडीचे कंद उकरून खाणाऱ्या माणसाला ती कुठल्या उतारावर उगवते हे कुठल्याही प्राध्यापकापेक्षा चांगलं कळतं. वाट दाखवणाऱ्या अशा माणसाचं नाव शोधनिबंधात अनेकदा येत नाही, ही तक्रार मला रास्त वाटते. पण खरपुडी, म्हणजे कंदीलपुष्प, हे एका जातीचं नाव नव्हे, त्यात अनेक जाती येतात. 2023 साली विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला शिवरायांवरून ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ हे नाव मिळालं. त्या अभ्यासकांपुढचा प्रश्न ‘हे झाड कुणी पाहिलंय का’ हा नव्हता. आजवर वर्णन झालेल्या सगळ्या कंदीलपुष्पांहून ते वेगळं आहे का, हा होता.

फोटोनं हे ठरत नाही. नमुना दाबून, वाळवून कागदावर चढवावा लागतो. कंदीलपुष्पाची नळी दाबली की चपटी होते, म्हणून फुलं वेगळी द्रवात राखतात. त्याच नळीत बारीक माश्या अडकतात, आतले केस कोमेजले की परागपुंज घेऊन सुटतात. तिची आतली रचना पाहिल्याशिवाय जात ओळखणं अवघड. मग जुने नमुने धुंडाळायचे, पुण्यातले आणि ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातून विलायतेला गेलेले, लंडनच्या क्यू उद्यानातलेही. ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलेलं असतं असा एक नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा करावाच लागतो. 1958 पासून असा नमुना नेमल्याशिवाय नव्या जातीचं नाव वैध धरत नाहीत. 2011 अखेरपर्यंत वर्णन लॅटिनमध्येच लिहावं लागे, आता इंग्रजीही चालते.

यात किती काळ जातो? 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की नव्या सपुष्प जातींपैकी फक्त 16 टक्के जातींचं वर्णन पहिला नमुना गोळा झाल्यापासून पाच वर्षांत झालं होतं. जवळपास पाव भाग वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. म्हणजे फूल कपाटात येऊन पडलेलं, आणि ते निराळं आहे हे ओळखणारा माणूस अर्ध्या शतकानंतर आला. मला या साऱ्या कामातली खरी शोधाची जागा हीच वाटते.

स्वतःचं नाव चिकटवतात, हा आरोप बहुधा गैरसमजातून येतो. जातीच्या नावामागे वर्णनकर्त्याचं नाव लिहितात, ते वर्णनाची जबाबदारी कुणाची हे कळावं म्हणून. खुद्द जातीला स्वतःचं नाव द्यायची प्रथा नाही. वरिष्ठांची नावं दिली गेली, हे मात्र खरं: जुन्नर भागातल्या शिवसुमनाला वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया’ हे नाव दिलं. पुढं फ्रेरिया ही वेगळी प्रजाती (जातींचा गट) मानणं अभ्यासकांना पटेना, आणि बऱ्याच जणांनी ते झाड बोउसेरोसिया या प्रजातीत हलवलं. वर्णन ही तपासता येणारी मांडणी असते, म्हणूनच ती अशी बदलते.

आता भलं काय होतं ते. शिवसुमनाचं वर्णन लिहिलेलं होतं, म्हणून पुढच्यांना ते इतर कड्यांवर शोधता आलं, किती उरलंय ते मोजता आलं. धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या लाल यादीत जातीचं मूल्यांकन सहसा तिच्या प्रसिद्ध झालेल्या नावानंच होतं. खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी पठाराची पाहणी करताना वर्णन न झालेलं कंदीलपुष्प समोर आलं, तर तक्त्यात एवढंच लिहिलं जातं: ‘सेरोपेजिया, जात अनिश्चित’.